पोचपावती

आमच्या घरी २०२५च्या दिवाळीनंतर एक खटला चालला, त्याची हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे. आरोपी माझा नातू, वय १५, इयत्ता दहावी. फिर्यादी त्याचे वडील, म्हणजे माझा मुलगा. मुद्देमाल म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला एक काळा डबा, ज्याला एक्सबॉक्स म्हणतात. आणि न्यायाधीश मी. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात दुसरं पद तरी कोणतं उरतं?

आम्ही धरमपेठेत राहतो, ट्रॅफिक पार्कपासून चालत पाच मिनिटांवर. रात्री नऊला पानं मांडली जातात. त्या दिवशी सूनबाईने तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा आतून एकच उत्तर आलं, "थांब न आई, एक अचीव्हमेंट राहिली आहे." चौथ्या वेळी माझा मुलगा स्वतः आत गेला. मग जी उलटतपासणी झाली ती अशी :

"काय करून राहिला तू? त्या अचीव्हमेंटचे पैसे मिळतात?"

"नाही."

"मार्क वाढतात?"

"नाही."

"मग मिळतं काय?"

"तीस पॉइंट."

"त्या पॉइंटांचं काय येतं?"

"काही नाही येत, बाबा. पॉइंट असतात."

यावर कोणता बाप शांत राहील? डबा विकायचा, असा हुकूम निघाला. सीताबर्डीवर जुना माल घेणारा एक दुकानदारही ठरला. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुम्हीच समजवा न त्याला." समजावण्याआधी आपण समजून तर घ्यावं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशेजारी सतरंजीवर जाऊन बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण बसलो.

नातवाने मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो. २००५च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक्सबॉक्स ३६० हे यंत्र बाजारात आणलं, तेव्हा त्यात एक नवी सोय होती. आतापर्यंत प्रत्येक खेळाचा धावफलक वेगळा असायचा. खेळ बंद केला की हिशेब बंद. या यंत्रात प्रत्येक मोठ्या खेळाला साधारण १००० गुण ठरवून दिले आणि ते छोट्या छोट्या कामगिऱ्यांमध्ये वाटले. अमुक किल्ला जिंका, इतके गुण. एकही घाव न खाता पलीकडे पोचा, इतके गुण. लपवलेल्या सगळ्या वस्तू शोधा, इतके. ही एकेक कामगिरी म्हणजे अचीव्हमेंट. ती साधली की पडद्यावर एक छोटी पट्टी उमटते, टिंग असा आवाज येतो आणि गुण खेळाडूच्या नावावर जमा होतात. खेळ बदला, यंत्र बदला, बेरीज पुढे चालूच राहते. पुढे २००७मध्ये संगणकावरच्या स्टीमने आणि २००८मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनने अशीच सोय केली. प्लेस्टेशनवर गुणांऐवजी कांस्य, रौप्य, सुवर्ण असे चषक मिळतात आणि खेळातले सगळे चषक मिळवले की वर एक प्लॅटिनम.

एखादी कामगिरी दहा टक्क्यांपेक्षा कमी खेळाडूंना जमली असेल, तर एक्सबॉक्सवर तिच्यापुढे हिरा दिसतो आणि टिंगचा सूरही वेगळा लागतो. तो सूर ऐकवताना नातवाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला काही फरक कळला नाही, पण "वा!" म्हणालो.

"या आधी असं काहीच नव्हतं का रे?" मी विचारलं. त्याने कुठेतरी वाचलेलं सांगितलं. १९८०च्या सुमारास अमेरिकेत अटारी नावाचं यंत्र टीव्हीला जोडून मुलं खेळत. ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी त्यासाठी खेळ बनवायची. खेळाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असायचं की, इतके गुण झाले तर टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा. १९८२च्या 'पिटफॉल' या खेळात २०,००० गुणांची अट होती. मुलं खरोखर कॅमेऱ्याने टीव्हीचा फोटो काढायची, धुवून आणायची, पाकिटात घालून पोस्टात टाकायची. काही आठवड्यांनी कंपनीकडून कापडाचा एक बिल्ला यायचा, शर्टावर शिवायला.

पाकीट, पोस्ट, काही आठवडे, आणि मग परक्या देशातून आलेली एक छोटीशी वस्तू! श्रोतेहो, हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बुटांचं एक खोकं आलं. पन्नास वर्षांत मी त्या खोक्याबद्दल घरात कोणाशी बोललो नव्हतो.

मी बी.एस्सी.ला होतो, १९७३ ते १९७६. घरात मर्फीचा रेडिओ होता, व्हॉल्व्हचा. लावल्यावर तापायला मिनिटभर घ्यायचा. गच्चीवर तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते बातम्या ऐकून झोपले की रात्री रेडिओ माझा. शॉर्टवेव्हचा काटा मी केसभर, केसभर सरकवत असे. खरखर, शिट्ट्या, कुठेतरी अरबी गाणं, आणि मग एकदम स्वच्छ कूकाबरा पक्ष्याचं ते विचित्र हसणं. म्हणजे रेडिओ ऑस्ट्रेलिया! बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ'तली सुरावट घंटानादासारखी वाजू लागली की समजायचं, पश्चिम जर्मनीतलं कोलोन. रविवारी हॉलंडमधल्या हिल्व्हरसमचा 'हॅपी स्टेशन'.

ऐकलं की लिहून काढायचं. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून ग्रिनिचची वेळ, कितव्या मीटरवर ऐकलं, कार्यक्रमात काय काय होतं, आणि सिन्पो. सिन्पो म्हणजे पाच आकडे. आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची लुडबुड, वातावरणातली खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा; प्रत्येकाला पाचपैकी गुण. सगळे पाच म्हणजे उत्तम. एप्रिल-मे महिन्यात नागपूरवर विजा चमकू लागल्या की खरखरीचा आकडा दोनवर यायचा. तो खरा लिहायचा, कारण केंद्रातल्या इंजिनिअरला त्याच आकड्याची गरज असे. हे सगळं एरोग्रामवर लिहून शंकरनगरच्या टपाल कार्यालयात टाकायचं. पिनकोड नुकताच, १९७२ साली आला होता. नागपूर ४४००१० हे सहा आकडे मी मोठ्या ऐटीत लिहीत असे.

मग महिना-दोन महिने वाट पाहायची. आणि एके दिवशी पोस्टमन एक रंगीत कार्ड आणायचा. त्यावर छापलेलं असे की तुम्ही अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक लहरीवर आमचं केंद्र ऐकलंत, हे आम्ही तपासून पाहिलं. ते बरोबर आहे. खाली सही. त्या कार्डाला क्यूएसएल कार्ड म्हणत. तारायंत्राच्या काळापासूनच्या सांकेतिक भाषेत क्यूएसएल या तीन अक्षरांचा अर्थ 'मिळाल्याची पोच देत आहे' असा होतो. शुद्ध मराठीत, पोचपावती.

अशी कार्डं जगभरची केंद्रं पाठवत असत; आपली आकाशवाणीही पाठवत आली आहे. आम्हा छांदिष्टांच्या वहीत दोन रकाने असत. एक, किती देश ऐकले. दुसरा, किती देशांची पावती आली. खरा मान दुसऱ्या रकान्याला. ऐकले तर कोणीही सांगेल हो! माझे ऐकलेले देश ६३ होते आणि पावती आलेले ४१. बी.एस्सी.ला मला एकूण किती गुण पडले होते, ते आज आठवत नाही. हे दोन आकडे मात्र झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

अण्णांनी एकदा ती कार्डं हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "या कार्डावर साखर मिळते का?" त्या काळात कार्ड म्हणजे रेशनकार्ड. मी म्हणालो, नाही. "मग?" मला उत्तर देता आलं नाही. १९७६ साली माझा निकाल लागला. पास झालो, पण घराची अपेक्षा होती त्याच्या पुष्कळ खाली. त्या उन्हाळ्यात मी मामाकडे यवतमाळला गेलो होतो. परत आलो तेव्हा पेपरच्या रद्दीबरोबर बुटांचं खोकंही गेलं होतं. अण्णा दुष्ट नव्हते. त्यांच्या लेखी तो कागदच होता. मी काही बोललो नाही, आणि त्यानंतर रेडिओचा काटा रात्री कधी सरकवला नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, न्यायाधीशाची खुर्ची का डळमळू लागली.

अण्णांच्या 'मग?'चं उत्तर मला सत्तराव्या वर्षी नातवाच्या शेजारी बसून सुचलं. त्या कार्डाने मला काही मिळत नव्हतं, हे खरंच. पण रात्री दीड वाजता, सगळं घर झोपलेलं असताना, खरखरीतून एक बारीकसा आवाज मी वेगळा काढला होता. ते कठीण होतं आणि मला ते जमलं होतं. पाहायला मात्र कोणी नव्हतं. सकाळी घरात सांगितलं तर "बरं, आधी अंघोळ कर" यापलीकडे काही कानावर येत नसे. ज्याला त्या कामातलं कळतं, अशा कोणीतरी परक्या देशातल्या टेबलावर बसून माझे पाच आकडे तपासले आणि 'बरोबर' म्हणून सही केली. मला ती सही हवी होती. खेळणाऱ्या मुलाला तीस गुण हवे असतात ते याचसाठी. गुणांचं काही येत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याने जे केलं ते घडलं, याची त्याला नोंद हवी असते.

हे मी जेवताना मुलाला सांगू लागलो, तर तो म्हणाला, "बाबा, तुमचं वेगळं होतं. त्यात ज्ञान होतं." मग मी साक्षीदार म्हणून त्यालाच उभं केलं. "१९९३च्या उन्हाळ्यात टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम आणला होता, आठवतो? मारिओचा?" तो गप्प झाला. त्या गेममध्ये काही साठवून ठेवायची सोय नव्हती. भर मे महिना, कूलर चालू, आणि कधी लाईन जाईल याचा नेम नाही. गुण वाढू लागले की हा पठ्ठ्या ओरडायचा, "आई, लवकर ये, स्कोअर पाहून घे, लाईन जाईल!" त्याची आई पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत यायची, आकडा पाहायची आणि मान हलवून परत जायची. एकदा ती पोचायच्या आत लाईन गेली. पोरगा रडला होता. गुण गेले म्हणून रडला, की आईने पाहिले नाहीत म्हणून, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

त्याच रात्री माझीही फजिती झाली. मी रोज सकाळी अंबाझरीकडे फिरायला जातो आणि फोनमध्ये पावलं मोजतो. दहा हजार व्हायला हवीत, असा नेम. जेवणानंतर आकडा पाहिला तर ९,७१२. मी दिवाणखान्यात येरझारा घालू लागलो. नातू पाहत होता. म्हणाला, "आबा, दोनशे अठ्ठ्याऐंशी पावलांनी तब्येतीत काय फरक पडते?" काय सांगणार? हा दहा हजारांचा आकडा तरी कुठून आला? १९६५ साली जपानमध्ये एक पाऊलमोजणी यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मीटर'. विक्रीसाठी ठेवलेल्या नावातला तो गोल आकडा पुढे जगभर पसरला. मी तो पुरा करूनच झोपलो.

आणि नागपूरकरांनी तरी गुणांना नावं का ठेवावीत? २८ जुलै २०२५ची ती संध्याकाळ आठवा. जॉर्जिया देशातल्या बाटुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. या शहराने त्याआधी रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता असे ग्रँडमास्टर दिले आहेत. एरवी हा किताब मिळवायला ठरावीक दर्जाची कामगिरी तीनदा करावी लागते, त्याला नॉर्म म्हणतात, आणि रेटिंग २५०० पर्यंत न्यावं लागतं. दिव्याला विश्वचषकाच्या विजयाने तो थेट मिळाला. आज गल्लीतल्या कोणत्याही बुद्धिबळाच्या क्लासबाहेर उभे राहा, पालक एकमेकांना विचारत असतात, "तुमच्या मुलाचं रेटिंग किती?" त्या रेटिंगचीही साखर येत नाही.

पण बुद्धिबळाच्या निमित्ताने एक फरक लक्षात येतो. रेटिंगची पद्धत आर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने बसवली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७०मध्ये स्वीकारली. रेटिंग जिंकल्यावर वाढतं, हरल्यावर उतरतं. ते आजची ताकद मोजतं. ग्रँडमास्टर हा किताब मात्र एकदा मिळाला की आयुष्यभर राहतो. एक्सबॉक्सचे गुण या दुसऱ्या जातीचे आहेत. कितीही हरा, ते उतरत नाहीत. नातवाला मी विचारलं, तुझे एकूण किती? "३८,४१५." म्हणजे तू चांगला खेळाडू? तो हसला. "नाही आबा. पुष्कळ खेळलो, एवढंच." शाळेत प्रत्येक चाचणीला नंबर वर-खाली होणाऱ्या मुलाला, कधीच न उतरणारी एक बेरीज जवळ असावीशी वाटली, तर त्यात मला नवल वाटत नाही.

आता दुसरी बाजू. न्यायाधीशाने ती पाहिली नाही तर निकाल एकतर्फी होईल.

गुण देणारा हा काही धर्मादाय संस्था चालवत नाही. गुण द्यायला कंपनीला खर्च जवळजवळ शून्य, आणि त्या गुणांमुळे खेळाडू संपलेला खेळ पुन्हा खेळतो, नवा विकत घेतो. शिवाय एका कंपनीच्या यंत्रावरचे गुण दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर जात नाहीत. म्हणून साठवलेली बेरीज हीच एक बेडी होते. अमेरिकेतल्या रेमंड कॉक्स नावाच्या खेळाडूने २०१४मध्ये दहा लाख गुण पुरे केले. त्यासाठी त्याला आठ वर्षं लागली. ज्यात सहज गुण मिळतात असे रटाळ खेळ केवळ बेरजेसाठी विकत घेणारे खेळाडूही असतात. तिथे खेळ संपतो आणि हिशेबनिशी सुरू होते. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही अवस्था ओळखू येते.

१९७३मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, अशी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की, चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात पेनं नुसती मांडून ठेवली. ज्यांना आमिष दाखवलं होतं, ती मुलं इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक शाबासकी मिळाली होती, त्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे बिघाड शाबासकीत नसतो. आधी सौदा ठरला की आवडीला कीड लागते. "पहिला नंबर आला तर सायकल" असं आपण मुलांना सांगतो, तेव्हा आपणही तेच करत असतो.

एक गैरसमजही दूर करायला हवा, कारण फिरायला येणाऱ्या माझ्या मित्रांचा तो होता. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यात घरं बुडाली. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या अशा खेळांवर बंदी घातली. मी सांगतो आहे ते गुण पैसे लावून मिळत नाहीत आणि मोडून पैसेही येत नाहीत. मूल काय खेळतं, हे न पाहता सगळ्याला एकच जुगार म्हणू नये.

तर नातवाला मी म्हणालो, "तुझी ती यादी तर दाखव सगळी." त्याने दाखवली. प्रत्येक कामगिरीपुढे तारीख. मी बँकेच्या सवयीने तारखा वाचू लागलो. तुरळक नोंदी, रविवारच्या नोंदी, परीक्षेच्या महिन्यात काही नाही. आणि मग २०२३च्या ऑगस्टमध्ये एकदम दाट गर्दी. रोज चार-पाच, सलग अकरा दिवस.

ते अकरा दिवस मला पाठ आहेत. आमची सौ. तेव्हा रुग्णालयात होती. पहिले चार दिवस तर काही खरं नव्हतं. मी तिथे, मुलगा तिथे, सूनबाई घर आणि दवाखाना यांमध्ये. नातू तेरा वर्षांचा. शेजारच्या वहिनी त्याला डबा देत. रात्री उशिरा कोणी घरी आलं की तो झोपलेला दिसायचा आणि आम्ही म्हणायचो, शहाणं पोर आहे, काही त्रास देत नाही.

"इतके एकदम कसे रे?" मी विचारलं.

"घरी कोणी नव्हतं न, आबा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "सगळ्यांना आजीचंच टेन्शन होतं. ते बरोबरच होतं. मग मी कोणाला सांगू?"

त्या यादीत एका ओळीपुढे हिरा होता. ११ ऑगस्ट. खेळातली सगळ्यात अवघड लढाई. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन बोलावलं होतं. इकडे धरमपेठेतल्या अंधाऱ्या घरात एक मुलगा काहीतरी कठीण करत होता, ते त्याला जमलं होतं आणि टिंग झालं होतं. त्या घरात त्या वेळी त्याची दखल घेणारं तेवढंच एक यंत्र होतं.

ती लढाई कशी जिंकली, ते मी त्याला विचारलं. त्याने चाळीस मिनिटं सांगितलं. मला निम्मं कळलं नाही. तो मध्येच म्हणाला, "आणि तुमचे ते कार्ड? ऑस्ट्रेलियाचं कसं होतं?" मग मी सांगितलं. रेडिओ ऑस्ट्रेलियाचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०१७च्या जानेवारीत कायमचं थांबलं, हेही सांगितलं. त्याने फोनवर कूकाबराचं हसणं शोधून लावलं. पन्नास वर्षांनी ते इतकं स्वच्छ ऐकून मला थोडं चुकल्यासारखं झालं. खरखर नव्हती.

निकाल असा दिला. डबा विकायचा नाही. दहावीची परीक्षा होईपर्यंत तो माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्याकडे. ही अट आरोपीने मान्य केली. "पॉइंट कुठे जात नाहीत, आबा," तो मला धीर देत म्हणाला, "ते अकाउंटवर असतात." फिर्यादीलाही एक अट घातली. रोज रात्री जेवताना मुलाला एक प्रश्न विचारायचा, आणि तो 'किती मार्क पडले' हा नसावा. पहिले दोन दिवस दोघंही अवघडले. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाने विचारलं, "आज काय कठीण गेलं?" उत्तर आलं, भूमितीतली एक रचना. पाच वेळा चुकली, सहाव्यांदा जमली. "दाखव," बाप म्हणाला. पोरगा ताटावरून उठून वही घेऊन आला. आमच्या घरात पानावरून उठायची परवानगी नाही, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

सुरुवातीला म्हणायचं राहून गेलं. या स्टुडिओत मी एका बंद खोलीत बसलो आहे. समोर मायक्रोफोन आहे आणि काचेपलीकडे एक जण घड्याळाकडे पाहत आहेत. तुम्ही कोणी मला दिसत नाही. इतका वेळ बोललो ते कुठे पोचलं, की खरखरीत गेलं, मला कळायला मार्ग नाही. ऐकलं असेल, तर एक कार्ड टाका. गुण नाही दिलेत तरी चालेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)